मॅनेजर हाकलला की क्लब सुधारतो? नाही!

युरोपातला फुटबॉल हंगाम नोव्हेंबरात पोचला की एक युक्तिवाद पुन्हा फिरायला लागतो. त्याचा गाभा असा: क्लबचं नशीब मॅनेजरच्या (म्हणजे मुख्य प्रशिक्षकाच्या) हातात असतं, म्हणून संघ हरायला लागला की वाट न बघता माणूस बदला. नवा मॅनेजर आला की निकाल लगेच सुधारतात. लेस्टरने रानिएरीला काढलं आणि ते वाचले, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकलले गेले नाहीत. चेल्सीने मॅनेजर बदलत बदलत दोनदा चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा) जिंकली. फर्ग्युसन गेला आणि मँचेस्टर युनायटेड कोसळलं, म्हणजे सगळं त्या एका माणसाचंच होतं. थोर मॅनेजर कुठेही जिंकतो. आणि शेवटी, पंचवीस खेळाडू काढता येत नाहीत, एक माणूस काढता येतो.

यातली उदाहरणं बहुतेक खरी आहेत, म्हणून तर हा युक्तिवाद इतका पटतो. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. हकालपट्टीचा सगळ्यात खात्रीचा फायदा त्या मॅनेजरला ज्यांनी नेमलं त्यांना होतो: चूक कुणाची, हा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. एकेक मुद्दा घेतो.

"नवा मॅनेजर आला की निकाल लगेच सुधारतात."

सुधारतात, हे खरं. पण कशामुळे? मॅनेजरला काढतात तो क्षण बघा. संघ आपल्या कुवतीप्रमाणे खेळत असताना कुणी कुणाला काढत नाही. दुखापती, पोस्टला लागलेले फटके, शेवटच्या मिनिटाला खाल्लेले गोल, सोबत खरोखरचा वाईट खेळ, असं सगळं एकत्र येऊन संघ कुवतीपेक्षाही खाली गेलेला असतो तेव्हा काढतात. तिथून बरेचसे संघ आपोआप थोडे वर येतात. ताप उतरायच्या आदल्या दिवशी डॉक्टर बदलला तर यश नव्या डॉक्टरच्या नावावर लागतं, तसंच हे.

मग खरी तुलना कशाशी करायची? तितकेच घसरलेले, पण मॅनेजर न बदललेले संघ घ्यायचे. नेदरलँड्सचा अर्थशास्त्रज्ञ बास टेर वेल याने 1986 ते 2004 या काळातल्या डच लीगच्या आकड्यांवर नेमकं हेच केलं. त्याला दिसलं ते असं की मॅनेजर काढलेले संघ सावरले आणि तशाच घसरणीतून जाणारे, मॅनेजर न काढलेले संघही तितकेच सावरले. फरक हकालपट्टीमुळे पडलेला नव्हता.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते बोरुसिया डॉर्टमुंडकडे बघून कळेल. 2014-15 च्या हंगामात युर्गेन क्लॉपचा संघ फेब्रुवारीच्या सुरुवातीला बुंडेसलिगा या जर्मन लीगच्या गुणतक्त्यात चक्क तळाला होता. याच क्लॉपने त्यांना 2011 आणि 2012 साली विजेतेपद मिळवून दिलं होतं. क्लबने त्याला काढलं नाही. मे महिना आला तेव्हा संघ सातवा होता. त्या फेब्रुवारीत दुसरा कुणी आला असता, तर 'तळातून सातव्या स्थानावर नेणारा' म्हणून आजही त्याचं नाव घेतलं गेलं असतं.

पुढचा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. क्लॉप लिव्हरपूलला आल्यावर तिथला डेटा-विश्लेषक इयन ग्रॅहम कागद घेऊन त्याच्याकडे गेला आणि डॉर्टमुंडच्या त्या हंगामातल्या माइन्झ आणि हॅनोव्हरविरुद्धच्या पराभवांबद्दल बोलायला लागला. दोन्ही सामन्यांत डॉर्टमुंडने संधी भरपूर निर्माण केल्या होत्या आणि हार पदरात पडली होती. क्लॉप लगेच उत्साहाने सांगायला लागला की ते सामने आम्ही कसे हरलो तेच कळलं नाही. ग्रॅहमने ते सामने पाहिलेच नव्हते. त्याच्याकडे फक्त आकडे होते. गुणतक्ता तळ दाखवत असताना लिव्हरपूलच्या लोकांनी त्याखालचा खेळ मोजला होता. क्लॉपची लिव्हरपूलमधली पहिली ट्रॉफी 2019 साली आली. त्याआधी तो तीन अंतिम सामने हरला होता.

पण मॅनेजर काढून संघ खरंच वाचल्याची उदाहरणं आहेतच ना? आहेत, आणि सगळ्यात चांगलं उदाहरण संडरलंडचं आहे. 2013 च्या मार्चअखेरीस मार्टिन ओनीलला काढलं, पाओलो डी कानियो आला, न्यूकॅसलला त्यांच्याच मैदानावर 3-0 हरवलं, संघ वाचला. पुढच्या हंगामात डी कानियो गेला आणि गुस पोयेट आला. एप्रिलमध्ये संघ तळाला होता. तिथून त्यांनी मँचेस्टर सिटीशी बरोबरी साधली, चेल्सीला स्टॅम्फर्ड ब्रिज या त्यांच्याच मैदानावर आणि युनायटेडला त्यांच्या ओल्ड ट्रॅफर्डवर हरवलं. वाचले. 2015 च्या मार्चमध्ये पोयेटला काढलं, डिक ॲडव्होकाटने वाचवलं. तो ऑक्टोबरात गेला, सॅम अ‍ॅलरडाइसने 2016 साली वाचवलं. सलग चार वर्षं, चार तारणहार.

या युक्तिवादाच्या हिशेबाने संडरलंड म्हणजे आदर्श क्लब. प्रत्यक्षात प्रत्येक नवा माणूस आपल्या पसंतीचे खेळाडू मागत होता, पुढच्याला ते नको असत आणि त्यांचे पगार मात्र चालूच राहत. 2016-17 मध्ये डेव्हिड मॉयसच्या हाताखाली संघ 24 गुणांसह शेवटचा आला आणि प्रीमियर लीग या इंग्लंडच्या पहिल्या पातळीच्या लीगमधून बाहेर पडला. 2017-18 मध्ये चॅम्पियनशिप या दुसऱ्या पातळीच्या लीगमध्येही शेवटचा, म्हणजे थेट तिसऱ्या पातळीवर. प्रीमियर लीगमध्ये परतायला 2025 साल उजाडलं. दरवर्षीचा तो चमत्कार आतून पोखरलेल्या क्लबवर पांघरूण घालत होता. ज्या शहराने ही आठ वर्षं सोसली, त्याच्यासमोर 'बदला, लगेच फरक पडतो' म्हणायला मला तरी जमणार नाही.

"लेस्टरने रानिएरीला काढलं म्हणून ते वाचले."

क्लॉडिओ रानिएरीने 2016 साली लेस्टरला प्रीमियर लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. हंगामाआधी सट्टेबाजांचा भाव होता 5000 ला 1. नऊ महिन्यांनी, 23 फेब्रुवारी 2017 ला, क्लबने त्याला काढलं. त्याचा सहायक क्रेग शेक्सपियर जबाबदारीवर आला, संघाने लीगमधले सलग पाच सामने जिंकले आणि शेवटी बारावा क्रमांक मिळवला. वस्तुस्थिती एवढी.

आता त्याच क्लबच्या दोन वर्षं आधीच्या हंगामात जा. नऊ सामने उरलेले असताना नायजेल पिअर्सनचं लेस्टर 19 गुणांवर, तळाला, सुरक्षित जागेपासून सात गुण दूर. मॅनेजर बदलला नाही. उरलेल्या नऊपैकी सात सामने जिंकले, एक बरोबरीत सुटला, 41 गुणांसह चौदावे आले. म्हणजे जवळपास तोच संघ, मॅनेजर न बदलता, याहून मोठ्या खड्ड्यातून वर आला. पिअर्सनचं हे उदाहरण त्या युक्तिवादात कधीच दिसत नाही, कारण त्यात हकालपट्टी नाही आणि म्हणून गोष्टही नाही.

शिवाय 2017 साली लेस्टर का घसरलं होतं? मधल्या फळीत दोघांचं काम एकटा करणारा एन्गोलो कांते 2016 च्या उन्हाळ्यात चेल्सीला विकला गेला होता. आदल्या वर्षी दहाव्या आलेल्या चेल्सीने त्या हंगामात विजेतेपद मिळवलं. त्यात अँटोनिओ कोंतेचा वाटा मोठा होता, पण दोन वर्षांत दोन वेगळ्या क्लबांकडून विजेता ठरलेला माणूस कांते होता. आणि शेक्सपियर? जूनमध्ये त्याला कायम केलं, ऑक्टोबरमध्ये काढलं. फेब्रुवारीतली जादू खरोखर त्याची असती, तर ती चार महिन्यांत कुठे गेली?

"चेल्सीने मॅनेजर बदलूनच युरोप जिंकला."

मला वाटतं, या यादीतला हा सगळ्यात वजनदार मुद्दा. 2012 च्या मार्चमध्ये आंद्रे व्हिलास-बोआस गेला, रॉबर्टो डी मातेओ आला, मे महिन्यात चॅम्पियन्स लीग जिंकली. 2021 च्या जानेवारीत फ्रँक लॅम्पार्ड गेला, थॉमस टुशेल आला, पुन्हा मे महिन्यात तेच. टुशेलच्या बाबतीत मी मान्य करतो की माणूस बदलल्याने खेळ बदलला. बचाव एकदम घट्ट झाला, आणि तो योगायोग नव्हता. पण अंतिम सामन्यात गोल करणारा काय हावर्ट्झ, गोलरक्षक एदुआर मेंदी, बचावफळीतला थिआगो सिल्वा हे सगळे आदल्या उन्हाळ्यात, लॅम्पार्डच्या काळात आलेले. हा संघ उभा करायला 20 कोटी पौंडांहून जास्त खर्च झाला होता. तो झाला नसता तर टुशेलने घट्ट काय केलं असतं?

2012 ची गोष्ट वेगळी. म्युनिकमध्ये अंतिम सामना बायर्नच्याच मैदानावर होता. बायर्नला वीस कॉर्नर मिळाले, चेल्सीला एक. 83 व्या मिनिटाला म्युलरने गोल केला. 88 व्या मिनिटाला त्या एकुलत्या एका कॉर्नरवर द्रोग्बाने हेडर मारून बरोबरी साधली. जादा वेळेत रॉबेनची पेनल्टी चेल्सीचा गोलरक्षक चेकने अडवली. मग शूटआउट. त्याआधी उपांत्य फेरीत मेस्सीची पेनल्टी क्रॉसबारला लागली होती. त्या खेळाडूंनी दाखवलेली जिद्द अफाट होती, आणि ते विजेतेपद त्यांचं आहे. पण या सामन्यातून 'मॅनेजर हंगामाच्या मधे बदलावा' असं धोरण काढणं म्हणजे क्रॉसबारलाच धोरण समजणं. त्याच हंगामात चेल्सी लीगमध्ये सहावं आलं. नोव्हेंबरात, विजेतेपदाला सहा महिने झाले तेव्हा, डी मातेओलाही काढलं. पुढे अ‍ॅस्टन व्हिलात त्याला लीगच्या अकरा सामन्यांत एक विजय मिळाला.

हीच पद्धत त्याच चेल्सीत 2022-23 मध्ये काय करून गेली? मालक नवे होते, पण सवय जुनीच. सप्टेंबरात टुशेल गेला, एप्रिलमध्ये ग्रॅहम पॉटर गेला, उरलेल्या हंगामासाठी पुन्हा लॅम्पार्ड आला. वर्षभरात खेळाडूंवर 50 कोटी पौंडांहून जास्त खर्च. क्रमांक बारावा. आधीचा मालक अब्रामोविचच्या काळात मॅनेजर बदलणं चालून जात असे, कारण मागे चेक, टेरी, लॅम्पार्ड (तेव्हा तो खेळाडू होता), द्रोग्बा असा वर्षानुवर्षं टिकलेला कणा होता आणि मालक जवळजवळ दीड अब्ज पौंडांचं कर्ज क्लबला देऊन बसला होता. यात फक्त मॅनेजर अस्थिर होता, बाकी सगळं स्थिर होतं. ते बाकीचंही हललं आणि पद्धतीचं खरं बळ उघडं पडलं.

इथे वॉटफर्डचंही नाव घेतो, कारण माझ्या बाजूला न बसणारं उदाहरण लपवायचं नाही. 2014-15 मध्ये त्यांनी एका हंगामात चार मॅनेजर वापरले आणि तरी प्रीमियर लीगमध्ये चढले. पण 2019-20 मध्ये एकामागून एक तिघांना काढलं आणि खाली गेले. 2021-22 मध्ये पुन्हा तीन मॅनेजर, पुन्हा खाली.

"फर्ग्युसन गेला आणि युनायटेड कोसळलं, म्हणजे सगळं मॅनेजरचंच असतं."

अ‍ॅलेक्स फर्ग्युसनचं मोठेपण कुणी नाकारत नाही. 13 लीग विजेतेपदं, एकूण 38 ट्रॉफ्या. पण हा दावा करणाऱ्यांनी आपलाच नियम त्याला लावून बघावा. तो 1986 च्या नोव्हेंबरात आला. 1989 च्या सप्टेंबरात मँचेस्टर सिटीकडून 5-1 असा हरला. तो हंगाम तेराव्या क्रमांकावर संपला. पहिली ट्रॉफी, एफए कप (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा), त्याच हंगामाच्या शेवटी, 1990 च्या मे महिन्यात आली. पहिलं लीग विजेतेपद 1993 साली. 'हरला की हाकला' हा नियम असता तर फर्ग्युसन हे नाव आज युनायटेडच्या इतिहासातल्या तळटीपेत असतं. त्या वर्षांत तो काय करत होता, तर तरुण खेळाडू शोधणारी यंत्रणा उभी करत होता. रायन गिग्ज 1987 साली, चौदाव्या वाढदिवशी क्लबमध्ये आला. त्याची फळं दिसेपर्यंत संचालक मंडळ थांबलं.

आणि 2013 साली एकटा फर्ग्युसन गेला नाही. खेळाडूंच्या खरेदीचे व्यवहार सांभाळणारा मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गिल त्याच उन्हाळ्यात गेला. पॉल स्कोल्स निवृत्त झाला. फर्डिनंड 34 वर्षांचा, एव्हरा 32 चा, गिग्ज 39 चा. फर्ग्युसनच्या जागी आलेल्या डेव्हिड मॉयसच्या हाती हा संघ आला आणि त्या उन्हाळ्यातली मोठी खरेदी एकच, तीही मुदतीच्या शेवटच्या दिवशी: मारुआन फेलैनी. मॉयसला सहा वर्षांचा करार दिला आणि दहा महिन्यांत काढलं. तो उत्तम पर्याय होता असं मी म्हणत नाही. पण त्याच्या जागी जो आला असता त्याच्याही हातात हाच संघ आणि हीच खरेदी असती.

पुढची यादी बघा. व्हान हालला एफए कप जिंकल्यावर दोन दिवसांत काढलं. मोरिन्यो 81 गुणांसह दुसरा आला आणि पुढच्याच डिसेंबरात गेला. ओले गुन्नार सोल्शारने तात्पुरत्या काळातले पहिले आठही सामने जिंकले, मार्चमध्ये त्याला कायम केलं, आणि त्यानंतरच्या दहा सामन्यांत दोनच विजय मिळाले. आधीच खाली गेलेल्या हडर्सफिल्डशी बरोबरी आणि कार्डिफकडून घरच्या मैदानावर हार. एरिक टेन हागचा करार 2024 च्या जुलैत वाढवला, ऑक्टोबरमध्ये त्याला काढलं, आणि त्याच्यासह सहायकांना भरपाईपोटी एक कोटी पौंडांहून जास्त दिले. मग रुबेन अमोरिम आला. त्याची रचना तीन मध्य-बचावपटू आणि दोन विंगबॅकची, म्हणजे कडेने वर-खाली धावणाऱ्या बचावपटूंची. संघ मात्र टेन हागच्या चार बचावपटूंच्या रचनेसाठी विकत घेतलेला. हंगामाअखेर पंधरावा क्रमांक. सगळं मॅनेजरच्या हातात असतं, तर इतक्या वेगवेगळ्या स्वभावाच्या, वेगवेगळ्या शैलीच्या माणसांपैकी एकाच्या तरी हाती ते लागलं असतं.

त्याच्या उलट लिव्हरपूल. 2024 साली क्लॉप गेला. फर्ग्युसनसारखाच, क्लबचा चेहरा बनलेला माणूस. त्या उन्हाळ्यात पहिल्या संघात नवा आला तो एकटा फेडेरिको किएझा. आर्ने स्लॉटने पहिल्याच हंगामात, चार सामने बाकी असताना, लीग जिंकली. स्लॉट हुशार आहेच. पण त्याच्या हाती नीट ठेवलेलं घर आलं होतं, आणि मॉयसच्या हाती आलं नव्हतं.

"थोर मॅनेजर कुठेही गेला तरी जिंकतो."

यावर फार बोलण्याची गरज नाही. ब्रायन क्लफ 1974 साली लीड्समध्ये 44 दिवस टिकला. तोच क्लफ नॉटिंगहॅम फॉरेस्टसह 1979 आणि 1980 साली युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) जिंकला. लीड्सला त्याच्यासोबत त्याचा नेहमीचा सहायक पीटर टेलर नव्हता, आणि खेळाडू असे होते ज्यांच्यावर त्याने वर्षानुवर्षं जाहीर टीका केली होती. आपल्या काळातलं उदाहरण अँज पोस्टेकोग्लूचं. 21 मे 2025 ला त्याने टॉटनहॅमला युरोपा लीग (चॅम्पियन्स लीगच्या खालची युरोपीय स्पर्धा) जिंकून दिली, 2008 नंतरची त्यांची पहिली ट्रॉफी. लीगमध्ये संघ सतराव्या स्थानी होता, म्हणून 6 जूनला त्याला काढलं. सप्टेंबरात फॉरेस्टने त्याला आणलं आणि 39 दिवसांत, एकही विजय न मिळवता, घालवलं. फॉरेस्टने ज्याला काढून ही जागा रिकामी केली तो नुनो एस्पिरितो सांतो आदल्याच हंगामात संघाला सातव्या स्थानी घेऊन गेला होता.

इंग्लिश क्लबांचे अनेक दशकांचे हिशेब तपासणारा अर्थशास्त्रज्ञ स्टेफान सिमान्स्की हेच सांगत आला आहे की दीर्घ पल्ल्यात क्लबचा क्रमांक मुख्यतः खेळाडूंच्या पगारावर होणाऱ्या खर्चाशी जुळतो. पगाराच्या हिशेबाने येणाऱ्या क्रमांकाच्या वर संघाला सातत्याने नेणारे मॅनेजर असतात, पण मोजकेच.

"पंचवीस खेळाडू काढता येत नाहीत, एक माणूस काढता येतो."

हा मुद्दा व्यवहाराचा वाटतो, आणि मला सगळ्यात जास्त खटकतो तो हाच. कारण काढता येण्यासारखे फक्त मॅनेजर आणि खेळाडू असतात असं यात गृहीत धरलेलं आहे. खेळाडू कुणी निवडले, किती पगाराचे करार केले, एका शैलीचा मॅनेजर आणून दुसऱ्या शैलीचा संघ कुणी हातात दिला, हे ठरवणारी माणसं क्लबमध्ये असतात. त्यांची नावं चाहत्यांच्या घोषणांत क्वचितच येतात.

मॅनेजर कधीच बदलू नये, असं मी म्हणत नाही. 2022 च्या ऑक्टोबरात बायर लेव्हरकुझेनने गेरार्डो सेओआनेला काढून झाबी अलोन्सोला आणलं तेव्हा संघ सतरावा होता; 2023-24 मध्ये त्याच क्लबने एकही सामना न हरता बुंडेसलिगा जिंकली. निर्णय बरोबर होता. पण त्यानंतरचा उन्हाळा बघा: क्रीडा-संचालक सिमोन रोल्फेसने अलोन्सोच्या खेळाला साजेसे झाका, ग्रिमाल्डो, होफमान, बोनिफेस आणले, फ्लोरियान विर्ट्झ आधीपासून होताच. माणूस बदलला आणि त्याच्यासोबत त्याला लागणारं सगळं उभं केलं.

2025 च्या उन्हाळ्यात त्याच लेव्हरकुझेनमधून अलोन्सो गेला, विर्ट्झ आणि फ्रिम्पाँग लिव्हरपूलला, योनाथन ता बायर्नला, झाका संडरलंडला गेला. म्हणजे विजेत्या संघाचा कणाच निघाला. नव्याने आलेल्या टेन हागला 1 सप्टेंबरला, लीगच्या दोन सामन्यांनंतर, काढून टाकलं. मे महिन्यात त्याची निवड करणारे आणि सप्टेंबरात त्याला घरी पाठवणारे लोक तेच होते.